काश्यप गोत्राचे हिवाळे

"गोत्र?" असं नानांनी विचारलं आणि देवदान हिवाळेच्या तोंडून "काश्यप" निघून गेलं. निघून गेलं म्हणजे अगदी सहज, खिशातून रुमाल काढताना बसचं जुनं तिकीट खाली पडावं तसं. त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी बोललं. त्यानं मागं वळूनही पाहिलं. मागं फक्त लोखंडी कपाट होतं, त्यावर कालव्यांचे नकाशे धूळ खात पडले होते, आणि कपाट काही बोललेलं नव्हतं. हेडक्लार्क चुडामणनानांनी मान न उचलता चिठ्ठीवर लिहिलं, गोत्र काश्यप, आणि पेनाला टोपण लावलं. जानेवारी अठ्ठ्याऐंशी, शुक्रवारची दुपार, साडेतीनचा सुमार. जळगावच्या पाटबंधारे खात्याच्या एका लहानशा कचेरीत शिपाई मगन चहाचे कप गोळा करत होता, टायपिस्ट निंबा रिबन उलटी घालत होता, आणि एका ख्रिस्ती माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी गोत्र मिळालं होतं.

कचेरीत दरवर्षी जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी सत्यनारायणाची पूजा होई. स्टाफपैकी एक जोडपं पूजेला बसे. तो मान. गुरुजींना त्या दिवशी चार ठिकाणी सत्यनारायण सांगायचे असल्यानं यजमानाचं नाव, बायकोचं नाव आणि गोत्र अशी चिठ्ठी त्यांना आठवडाभर आधी पोचवावी लागे. ही चिठ्ठी गेली नऊ वर्षं देवदानच लिहीत आला होता, कारण त्याचं अक्षर. आणि नऊ वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की ज्याला आपलं गोत्र माहीत नसतं त्याचं काश्यप लिहायचं. कचेरीत बहुतेकांना माहीत नसे. स्टोअरकीपर धनसिंगला त्यानंच काश्यप केलं होतं, निंबाला त्यानंच, एका वर्षी तर खुद्द डेप्युटी इंजिनिअरसाहेबांनाही, आणि साहेबांनी नंतर कुणाला तरी सांगितलं होतं की आम्ही काश्यप. तेव्हा "गोत्र?" या प्रश्नाचं "काश्यप" हे उत्तर त्याच्या जिभेवर रुळलेलं होतं. यंदा फरक इतकाच, की चिठ्ठी नाना स्वतः लिहीत होते, कारण यजमान देवदान होता.

ते असं झालं. नाना जूनमध्ये रिटायर होणार होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "यंदा आपला देविदास बसेल. माझ्या देखत एकदा होऊन जाऊ दे."

"मी कशाला, नाना?" देवदान म्हणाला. कचेरीत देविदास तोच.

आपल्याकडे 'मी कशाला' हा होकाराचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. सगळ्यांनी तो तसाच घेतला. धनसिंगनं टाळी वाजवली. नाना म्हणाले, "वहिनींचं नाव सांग," आणि देवदाननं "मार्था" सांगितलं. नानांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येई, आणि देवदान नेमका डावीकडे उभा होता. त्यांनी लिहिलं, मथुरा. मगननं हातातले कप सावरत चिठ्ठीत डोकावून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाला, "मथुराबाई! वा. भाऊसाहेब, खरं सांगू, तुम्ही ख्रिश्चन आहात हे बिलकुल कळत नाही."

"असू दे, असू दे," देवदान म्हणाला. जणू स्तुती जरा जास्तच झाली होती.

पाच वाजता तो खाली उतरला तर जीपपाशी ड्रायव्हर नूर महंमद बोनेटवर फडकं मारत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "मुबारक हो, हिवालेसाब," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. देवदाननं विचारलं, नूरभाई, तुम्हाला कधी कुणी पूजेला बसा म्हटलं का हो. नूर महंमदनं फडकं झटकलं. "मेरेकू? मी आलो त्याच दिवशी नानांना बोललो, केळी द्या, शिरा देऊ नका, बुरा मानू नका. बस. तेव्हापासून नाना हर साल एक फणी बाजूला काढून ठेवतात. एका वर्षी विसरले तर स्वतः बाजारात जाऊन घेऊन आले." मग त्यानं आरशात पाहून मिशी सारखी केली आणि म्हणाला, "तुम्ही बोललातच नाही साब. लोक काय पेटी उघडून बघतात, अंदर काय आहे?"

स्कूटर पिंप्राळ्याच्या फाटकापाशी आली तर फाटक पडलेलं. ते नेहमीच पडलेलं असे, पण आज मालगाडी भुसावळकडून येत होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. देवदाननं इंजिन बंद केलं. रविवारी सकाळी तो याच फाटकातून चर्चला जाई तेव्हा देवदान असे. गाणं उचलायला त्याचाच आवाज लागे, शास्त्रवाचन त्याच्याकडेच, पाळकसाहेब त्याला 'आमचा खांब' म्हणत. सोमवारी सकाळी तोच माणूस याच फाटकातून कचेरीकडे जाई तेव्हा देविदास असे. दोघांची समोरासमोर गाठ कधी पडत नसे, फाटकाशी ड्यूटी बदलत असावेत. ही फोड तेरा वर्षांपूर्वीची. नोकरीवर रुजू झाला त्या दिवशी त्या वेळच्या आस्थापना क्लार्कनं नेमणुकीचा कागद डोळ्यांशी नेला आणि म्हणाला, देवदान? हे काय नाव? टायपिस्टची चूक दिसते. आणि प्रेमानं, खरोखर प्रेमानं, नव्या माणसाची नोकरीच्या पहिल्याच दिवशी पंचाईत नको म्हणून, त्यानं हजेरीपटावर लिहिलं, देविदास. देवदान समोर उभा होता. त्याला म्हणता आलं असतं की नाव बरोबर आहे, माझ्या बापानं ठेवलंय, त्याचा अर्थ देवानं दिलेला. पण नोकरी नवी होती, माणूस भला होता, पंखा गरगरत होता, आणि एका वेलांटीसाठी आणि एका अक्षरासाठी कोण वाद घालतं. सेवापुस्तकात तो देवदानच राहिला. पण सेवापुस्तक कपाटात असतं आणि हजेरीपट टेबलावर. तेरा वर्षं तो रोज सकाळी देवीच्या दासापुढं सही करत आला होता, आणि सही अशी सफाईची, की तिच्यातून कुठलंच नाव वाचता येत नव्हतं.

मालगाडीचे डबे मोजायची त्याला लहानपणची सवय होती. आज तो दुसरंच काही मोजत राहिला. डबा. जेवणाचा डबा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तो डबा उघडण्याआधी हात जोडून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत पुरती प्रार्थना करी. मग धनसिंग एकदा म्हणाला, "भाऊ, झोप लागली का?" सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर तो चष्मा काढून पुसू लागला आणि पुसता पुसता प्रार्थना करू लागला. चष्मा पुसायला जितका वेळ लागतो तितकी प्रार्थना. पुढं चष्मा न काढता नुसते डोळे चोळणं आलं. मग डोळे उघडेच ठेवून डब्याच्या झाकणाकडे क्षणभर बघणं. गेली काही वर्षं तर त्यानं मनाशी असं ठरवून टाकलं होतं, की डब्याची कडी काढताना खट्‌ असा जो आवाज होतो तीच प्रार्थना. देवाला काय, आवाज ओळखता येतो. प्रसादाचंही तेच. पहिल्या वर्षी शिरा त्यानं रुमालात बांधून घेतला आणि वाटेत एका बकरीला दिला. दुसऱ्या वर्षी मगन समोर उभा राहून 'कसा झालाय' विचारू लागला, तेव्हा चमचाभर खाल्ला. तिसऱ्या वर्षी त्यानं विचार केला की मूर्ती म्हणजे काहीच नाही, तर मग शिरा म्हणजे नुसता शिरा; हा विचार त्याला फार खोल वाटला आणि त्या खोलीच्या आनंदात त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला. पाचव्या वर्षी फळ्यावर 'तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा' त्यानंच लिहिलं, रंगीत खडूनं, दोन्ही बाजूंना कमळं काढून. आणि मागल्या वर्षी गुरुजींचा घसा बसला तेव्हा कथेचा चौथा अध्याय कुणी वाचावा असा प्रश्न पडला, आणि नाना म्हणाले, देविदासची वाणी स्वच्छ आहे. होतीच. बापानं रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसवून, एकेक जोडाक्षर घोटून घेऊन, शास्त्र वाचायला लावून ती घडवली होती. चौथा अध्याय फार सुरेख झाला. नानांच्या बायकोनं, नानींनी, डोळ्याला पदर लावला.

गंमत अशी की यातल्या एकाही पायरीवर त्याला कुणी ढकललं नव्हतं. त्याच्यावर कुणी दात धरून होतं, कुणी त्याचा छळ केला, असं काही असतं तर त्यानं छातीठोकपणे उभं राहायची तयारी लहानपणापासून केली होती. रविवारच्या शाळेत तो मुलांना बायबलातल्या, देव सोडला नाही म्हणून सिंहांपुढं आणि भट्टीत टाकलेल्यांच्या गोष्टी सांगे आणि मुलं डोळे विस्फारून ऐकत. पण सिंह कुठं होते? इथं नाना होते, जे भरताची वांगी बामणोदहून आली की पहिली दोन त्याच्यासाठी काढून ठेवत. मगन होता, जो मार्थाच्या टायफॉइडमध्ये रात्री-अपरात्री बर्फ घेऊन आला होता. सिंहाच्या जबड्याला विरोध करता येतो. वांग्याला कसा करणार?

फाटक उघडलं. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, मुक्काम करता का इथं?"

घरी मार्था वह्या तपासत होती. ती नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, चाळीसगावच्या रेल्वे गार्डची मुलगी. आयुष्याकडे ती लाल आणि हिरवा अशा दोनच रंगांत बघे. देवदाननं सगळं सांगितलं, हलकं करून, गमतीच्या सुरात, मथुरावर भर देऊन. ती हसली नाही. तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी कशाला."

"म्हणजे हो म्हणालात."

"अगं, तसं नाही…"

"तसंच. लग्नाच्या वेळी माझ्या वडलांनी विचारलं, तेव्हाही तुम्ही 'मी काय सांगू' म्हणाला होतात. एकवीस वर्षं झाली." तिनं पेन पुन्हा उचललं. "मी बसणार नाही. तुम्ही खुशाल बसा."

"एकट्याला बसवत नाहीत."

"बसवतात. बायको नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात. शाळेत बघितलंय मी. माझ्या जागी सुपारी ठेवा." मग वहीत एक भली मोठी फुली मारत ती म्हणाली, "खरं म्हणजे तुमच्याही जागी एक ठेवली तर कुणाला फरक कळेल असं वाटत नाही."

हे वाक्य मार्था वह्यांवरच्या शेऱ्याइतक्या सहजपणे बोलली आणि पुढची वही उघडली. देवदान अंगणात जाऊन उभा राहिला. थंडी होती. शेजारी कुठंतरी तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती आणि त्या धुराच्या वासाबरोबर, बोलावल्याशिवाय, बाप आला. झिपरू मास्तर. बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या साहेबानं नवीन नाव घ्यायला सांगितलं होतं; शमुवेल घे, योसेफ घे. बाप म्हणाला, साहेब, आईनं लेकरं जगेनात म्हणून झिपरू ठेवलंय, तेच राहू द्या, बघणाऱ्याला कळू द्या की झिपरूच बदलला. त्यामुळं बाप जन्मभर गावठी नावानं ख्रिस्ती राहिला आणि मुलगा ख्रिस्ती नावानं… इथं देवदाननं विचार सोडून दिला. धुळ्याहून सात-आठ मैलांवर, पांझरेच्या काठच्या गावात बाप शाळा चालवी. सगळ्या गावाला त्यानं अक्षरं शिकवली, तापाच्या साथीत घरोघर गोळ्या वाटल्या, कुणाची पत्रं वाचली, कुणाची भांडणं मिटवली. मग एका वर्षी यात्रेच्या आधी लोटन पाटील चार माणसं घेऊन शाळेत आला. त्या गावची यात्रा म्हणजे बारागाड्या. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांवर माणसांची ही गर्दी, आणि देवाचा भगत एकटा त्या ओढत नेणार. पहिल्या गाडीवर बसायचा मान गावातल्या मोठ्या माणसाचा.

"मास्तर," लोटन पाटील म्हणाला, "यंदा पहिला गाडावर तुम्ही बठा. बठ्ठा गावनी मरजी शे."

बापानं हातातला खडू खाली ठेवला. देवदान तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला त्या गाड्यांवर बसायचं इतकं वेड होतं, की बाप आता हो म्हणणार आणि आपण बापाच्या मांडीवर बसणार हे त्यानं मनात करूनही टाकलं होतं. बाप म्हणाला, "पाटील, गाव मनं शे. पन गाडा मना नही." गाव माझं आहे, पण गाडा माझा नाही.

पाटलाला राग आला नाही, त्याला लागलं. ते जास्त वाईट. महिनाभर शाळेत एक पोर फिरकलं नाही. बाप रोज वेळेवर घंटा वाजवी, फळ्यावर तारीख लिही आणि रिकाम्या बाकांना शिकवल्यासारखा बसून राही. यात्रेच्या दिवशी गाड्या शाळेवरून गेल्या, हाळ्या, गुलाल, धूळ, आणि देवदान बापाला शोधत मागल्या बाजूला गेला तर बाप भिंतीला टेकून डोळे पुसत होता. "काय झालं, बाबा?" "काही नही रे. डोयामा धूय गई." धूळ होतीच, मुलाला खरं वाटलं. पुढं खूप वर्षांनी, धुळ्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारात, बाप मोसंबीची फोड चोखता चोखता एकदम म्हणाला, "माले बठनं व्हतं रे, देवा. त्या गाडावर. भलतं बठनं व्हतं." आणि हसला.

तेव्हा देवदानला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. आज अंगणात, वांग्यांच्या वासात उभं राहून, त्याला ते वाक्य नव्यानं ऐकू आलं. म्हणजे बापालाही हवं होतं. बापाला काही नको होतं म्हणून तो नाही म्हणाला असं नव्हे. हवं होतं आणि नाही म्हणाला. आणि याच्या उलट आपल्याला वाटत आलं की आपण नाइलाजानं, लोकांचं मन मोडू नये म्हणून, भिडेखातर हो म्हणतो. तसं काही नाही. मगन "कळत नाही" म्हणाला तेव्हा आत काहीतरी सुखावलं होतं, उन्हात मांजर पसरावं तसं. त्याला चौरंगासमोर बसायचं होतं. देवासाठी नव्हे, सत्यनारायणासाठीही नव्हे. नानांनी, धनसिंगनं, सगळ्या कचेरीनं मिळून त्याला आपल्या मध्ये बसवावं, आणि पुन्हा कधी कुणी तू कोण म्हणून विचारू नये, यासाठी. आणि बसला की तो प्रश्न खरोखरच मिटणार होता. कायमचा. विचारायला आत कुणी उरणार नव्हतं.

चौथा शनिवार सुटीचा होता; सोमवारी कचेरी उघडताच तो नानांच्या टेबलापाशी, या वेळी उजवीकडे, जाऊन उभा राहिला. "नाना, मला पूजेला बसता यायचं नाही."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "का रे? सुतक आलं का?"

हे देवदानच्या लक्षातच आलं नव्हतं. केवढं सोपं होतं. एक काका मारायचा. काका तसेही मेलेलेच होते, फक्त तारीख पुढं सरकवायची. कुणाला लागणार नाही, कुणी रुसणार नाही, उलट मगन सांत्वनाला येईल. उत्तर जिभेच्या टोकाशी येऊन बसलं, परवाच्या त्या दुसऱ्या शब्दासारखंच हलकं आणि तयार. त्यानं ते गिळलं.

"सुतक नाही. मी ख्रिस्ती आहे, नाना."

"आता हे काय नवीन?" नाना हसले. "ते ठाऊक आहे की सगळ्यांना. दर नाताळला तुझ्याकडच्या करंज्या खातो आम्ही. मग? आमची काही हरकत नाही."

"माझी आहे."

टाइपरायटर थांबला. नानांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "समजलं, समजलं. तुझ्या देवाला वाईट वाटेल. मग असं करू, त्यांचाही फोटो आणू. चौरंगावर मध्यभागी ठेवू हवं तर. पहिला हार त्यांना. पाहुण्याचा मान पहिला. मग तर झालं?"

इतकं कुणी देऊ केलं नव्हतं त्याला. नाना खोटं बोलत नव्हते; त्यांनी खरोखर हार आणला असता, झेंडूचा नव्हे, गुलाबाचा. देवदाननं टेबलाची कड धरली.

"नको, नाना. फोटो नका ठेवू. तो असा… रांगेत बसणारा नाही. मी त्याला फार दिवस रांगेत बसवला."

"अरे, तेरा वर्षं प्रसाद खाल्लास."

"हो. ते चुकलंच. तुमचं नाही, माझं."

"आम्ही तुला कधी परका मानला का?"

"नाही ना. तेच तर."

नानांनी खणातून ती चिठ्ठी काढली, नीट चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "जा, काम कर," ते म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून शुक्रवारच्याच टपालात डोकं घातलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. लोटन पाटलाच्याही नव्हता.

शनिवारी देवदाननं रजा घेतली नाही. घ्यावी असं मार्थासुद्धा म्हणाली होती, पण त्याला ते काका मारण्यासारखंच वाटलं. नाना आणि नानीच पूजेला बसले. दुसरं जोडपं मिळेना, धनसिंगची बायको माहेरी भडगावला, निंबाची बायको बाळंतीण. नानींचे गुडघे धरलेले, त्यांना पाटावर बसवायला दोघी लागल्या. देवदान शेजारच्या खोलीत आपल्या टेबलाशी पाणीपट्टीच्या अर्जांवर नंबर घालत होता. केळीच्या खांबांचा ओलसर वास, उदबत्ती, मध्येच शंख. कथा सगळी पाठ. चौथ्या अध्यायात गुरुजी एक ओळ गाळून गेले तर त्याला बसल्या जागी ठेच लागली. आरती सुरू झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय ताल धरतोय. त्यानं तो डाव्या पायाखाली दाबून धरला. मग प्रसाद निघाला. या क्षणाची त्यानं आठवडाभर तयारी केली होती: मगन येईल, द्रोण पुढं करील, आपण हसून, हात जोडून, न दुखवता काय म्हणायचं, ती वाक्यंसुद्धा पाठ होती. मगन आला. पलीकडच्या टेबलावर दिला, दाराशी उभ्या ठेकेदाराला दिला, नूर महंमदच्या केळ्यांची फणी घेऊन खाली गेला. देवदानच्या टेबलावरून द्रोण वासासकट गेला आणि थांबला नाही. मगनचं काही चुकलं नव्हतं. सांगितलं होतं, त्यानं ऐकलं होतं. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडात धरून बसणं फार अवघड असतं. अर्जावर त्यानं एकच नंबर दोनदा घातला. बाजूच्या खोलीत हसण्याचा गलका झाला, त्याच्याविषयी नव्हे, कशाविषयीही नव्हे, आणि त्याला कळलं की बाप भिंतीपाशी का गेला होता.

दुपारी सगळे पांगले. नानींना त्यांचा भाचा रिक्षानं घेऊन गेला. देवदान स्कूटरला किक मारणार तोच मागची सीट खाली दबली. नाना. सोवळ्यावरच कोट चढवलेला, खांद्यावर उपरणं. "सोड घरी," ते म्हणाले. आठवडाभरातलं कामाव्यतिरिक्तचं पहिलं वाक्य.

टॉवर मागं पडला, बाजार मागं पडला. गतिरोधकावर नानांनी त्याच्या खांद्याला धरलं आणि पुढं सोडलं नाही.

"रागावलात, नाना?"

"दोन दिवस होतो," नाना म्हणाले. "मग तुझ्या नानीनं एक विचारलं. म्हणाली, तो नाही म्हणाला म्हणजे त्याला कुणीतरी आहे." ते जरा पुढं, त्याच्या कानाशी वाकले. "तुला एक सांगू का? तू जातीनं ख्रिश्चन हे मला पहिल्यापासून माहीत. पण इतकी वर्षं मी समजत होतो की तुला देवच नाही. खरंच सांगतो. उपास बघितला नाही, प्रार्थना बघितली नाही, काही वर्ज्य नाही, काही आवश्यक नाही. जे पुढं आलं ते खाल्लंस. मी नानीला म्हणायचो, पोरगा गुणाचा आहे, पण बिचाऱ्याला देव नाही. मला काळजी वाटायची रे तुझी. म्हटलं, रिटायर होण्याआधी याला एक देव लावून द्यावा. माझ्या हातानं. म्हणून तर तुझं नाव काढलं."

देवदानच्या हातून गिअर चुकला. स्कूटरनं आचका दिला, नाना "हां हां" म्हणाले आणि दोघं नानांच्या दारापाशी येऊन थांबले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. निदान हे तरी, की नाना, तुमची फसगत झाली. पण फसगत झालेलीच नव्हती. नानांनी तेरा वर्षं टेबलाच्या पलीकडून जे दिसलं तेवढंच वाचलं होतं, आणि हेडक्लार्क माणूस, वाचण्यात चूक करत नाहीत.

नाना उतरले, सोवळं सावरलं, फाटक ढकलून आत गेले आणि अंगणातच वळले. उपवासानं त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"इंजिन चालू ठेवून उभा काय राहिलास? ये की आत. नानी चहा टाकील." मग आवाज खाली आणून, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकू नये अशा बेतानं, ज्या सुरात ते नव्या डेप्युटी इंजिनिअरविषयी चौकशी करत त्या सुरात, ते म्हणाले, "सांग तरी, कसा आहे रे तो?"

देवदाननं इंजिन बंद केलं. स्कूटर स्टँडवर लावायला त्याला त्या दिवशी बराच वेळ लागला.